पोर्तुगालच्या किनाऱ्यावर सुट्टी: कुठलं गाव घ्यायचं, कुठलं सोडायचं

पोर्तुगालला समुद्रावर सुट्टी घालवायचं ठरत असेल तर तिकीट काढायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, तिथे समुद्र दोन आहेत. एक पश्चिमेचा, थेट अटलांटिकला तोंड करून असलेला, थंडगार, वाऱ्याचा आणि मोठाल्या लाटांचा. दुसरा दक्षिणेचा, म्हणजे आल्गार्वचा, आणि त्यातही फारो शहराच्या पूर्वेकडचा, जो बराच शांत आहे आणि पोरांना घेऊन तासभर पाण्यात बसता येईल असा आहे. गाडीने तीन-साडेतीन तासांचं अंतर आहे पण फरक एवढा की एकीकडे दुपारी जॅकेट लागतं आणि दुसरीकडे सावली शोधावी लागते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हे माहीत नव्हतं, जुलैत गेलो, दहा दिवसांत आठ गावं केली, रोज बॅगा भरा आणि रोज रिकाम्या करा, आणि समुद्रात गुडघ्याच्या वर काही गेलो नाही. दुसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी असे सगळे गेलो, तीन ठिकाणी मुक्काम केला, आणि त्या ट्रिपचा विषय अजून घरात निघतो. खाली जे लिहितेय ते त्या दोन्ही ट्रिपांमधून शिकलेलं आहे.

आधी पाणी एवढं थंड का ते सांगते कारण त्यावरच सगळं प्लॅनिंग आहे. उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडून जोरात वारा वाहतो, तिथले लोक त्याला नोर्तादा म्हणतात, दुपारनंतर तो वाढतो. हा वारा वरचं तापलेलं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. म्हणून भर ऑगस्टमध्ये सुद्धा पश्चिमेला पाणी १६ ते १९ अंश असतं. आल्गार्वला उन्हाळ्यात २० ते २३ पर्यंत जातं, पूर्वेच्या टोकाला जरा जास्तच. आपल्याला कोकणातल्या कोमट समुद्राची सवय, त्यामुळे हा आकडा नुसता वाचून कळत नाही, पाय टाकल्यावर कळतो. पण त्याच गार पाण्याबरोबर खालचं पोषण वर येतं आणि म्हणून तिथे तारली, म्हणजे त्यांची सार्दिन्या, एवढी चांगली मिळते. गार पाण्याला नावं ठेवताना तेवढं लक्षात असू द्या.

आता महिना. आपल्याकडे पोरांच्या शाळेमुळे दोनच वेळा हातात असतात, मे आणि दिवाळी. मे महिन्यात तिथे हवा मस्त असते, कड्यांवर रानफुलं असतात, गर्दी नाही, हॉटेलं परवडतात, पण समुद्र वर्षातल्या सगळ्यात गार दिवसांतून नुकताच बाहेर पडत असतो, त्यामुळे मे म्हणजे चालायची आणि बघायची सुट्टी समजा, पोहायची नाही. दिवाळीत गेलात तर आल्गार्वचं पाणी अजून बऱ्यापैकी असतं कारण समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो, आणि उत्तरेला नाझारे गावी मोठ्या लाटांचा सीझन सुरू झालेला असतो. पाऊस मात्र येऊ शकतो. शाळेचं बंधन नसेल तर जून किंवा सप्टेंबर, डोळे मिटून सप्टेंबर. ऑगस्ट टाळा, सगळा पोर्तुगाल आणि अर्धं युरोप तेव्हा तिथेच असतं, खोली मिळत नाही आणि मिळाली तर दर ऐकून बसायला होतं. व्हिसा शेंगेन लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो म्हणून हे काम आधी उरका.

उतरायचं लिस्बनला. शहराबद्दल मी इथे लिहीत नाही, दोन दिवस ठेवा, झोप आणि जेटलॅग तिथेच काढा. समुद्राची पहिली भेट म्हणून काइश दू सोद्रे स्टेशनवरून लोकल पकडा आणि कश्काइशला जा, चाळीस मिनिटं लागतात, शेवटी शेवटी गाडी अगदी पाण्याला चिकटून जाते, खिडकीची डावी बाजू धरा. (नावांचं एक सांगून ठेवते, पाटीवर शेवटी एस दिसला की तो बहुतेक वेळा श म्हणायचा, म्हणजे रस्ता विचारताना माणसांना कळतं.) कश्काइश आधी कोळ्यांचं गाव, १८७० साली राजा लुईश पहिला उन्हाळ्याला तिथे यायला लागला आणि मग सगळे श्रीमंत मागोमाग आले. गावातल्या छोट्या पुळणी गोड आहेत पण फार गर्दी. मी म्हणेन की दोन तास फिरा, बोका दू इन्फेर्नू नावाची जागा आहे जिथे लाटा खडकाच्या तोंडात घुसून वर उसळतात ती बघा, आणि बस पकडून काबू दा रोकाला जा. हे युरोपच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेचं टोक. १४० मीटर उंच कडा, एक दीपगृह, आणि दगडावर कवी कामोइंशची ओळ कोरलीय, जिथे जमीन संपते आणि समुद्र सुरू होतो. बाबा तिथे बराच वेळ नुसते उभे होते. वारा प्रचंड असतो, टोपी, स्कार्फ, चष्मा सगळं सांभाळा आणि कुंपण ओलांडून फोटो काढायला अजिबात जाऊ नका. वाटेत गिंशू नावाची पुळण लागते, दिसायला अप्रतिम, पण वाळू अंगाला टोचते एवढा वारा, ती विंडसर्फिंगवाल्यांना लखलाभ.

पहिला मुक्काम लिस्बनच्या उत्तरेला करा. इथे एरिसेइरा, पेनिश आणि नाझारे असे तीन पर्याय आहेत. सर्फिंग शिकायचं असेल किंवा तरुण मंडळी असाल तर एरिसेइरा. पांढरी घरं, कडेला निळे पट्टे, कड्यावर वसलेलं गाव. २०११ मध्ये वर्ल्ड सर्फिंग रिझर्व्ह म्हणून मान मिळाला, युरोपातला पहिला. नवशिक्यांसाठी क्लासेस आहेत, वेटसूट तेच देतात, थंडीची काळजी नको. गावाखालच्या कोळ्यांच्या पुळणीवर उभं राहिलात तर एवढं आठवा की ५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाही पडली तेव्हा शेवटचा राजा मानुएल दुसरा याच वाळूवरून होडीत बसून देश सोडून गेला.

पेनिशला एक दिवस तरी द्याच, तो किल्ल्यासाठी. वसईच्या माणसाला पोर्तुगीज किल्ला म्हणजे ओळखीची गोष्ट, बुरूज, दगड, समुद्राकडची भिंत, सगळं घरचं वाटतं. पण या किल्ल्याचा १९३४ ते १९७४ पर्यंत राजकीय कैद्यांचा तुरुंग केला होता, त्यांच्या स्वतःच्या हुकूमशाहीने त्यांच्याच लोकांसाठी. जानेवारी १९६० मध्ये कम्युनिस्ट नेते आल्वारू कुन्याल आणि त्यांचे साथीदार इथून निसटले. आता तिथे म्युझियम आहे, कैद्यांना भेटायला येणाऱ्या घरच्यांसाठीची काचेची खोली आहे, तिथे आई रडली. समुद्राची सुट्टी आहे म्हणून ही जागा टाळू नका. १९६१ पर्यंत गोव्यावर जे सरकार बसलं होतं ते हेच, आणि त्या सरकारने घरच्या लोकांना कसं वागवलं ते इथे दिसतं.

पेनिशहून बेर्लेंगा बेटावर बोटी जातात, साधारण मे ते सप्टेंबर. पाणी हिरवं काचेसारखं, एक किल्ला समुद्रात पूल टाकून बांधलाय. रोज किती जणांनी जायचं यावर मर्यादा आहे, आधी ऑनलाइन पास काढावा लागतो. बोट जबरदस्त हलते, उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. वयस्कर मंडळी असतील तर मी जाऊ नका म्हणेन.

नाझारेबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण लोक तिथे चुकीच्या अपेक्षेने जातात. व्हिडिओत दिसते ती डोंगराएवढी लाट रोज नसते, उन्हाळ्यात तर नसतेच. ती साधारण ऑक्टोबर ते मार्चमध्ये येते, तेही वादळ लांब अटलांटिकमध्ये असेल तेव्हाच. समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे, जवळजवळ पाच किलोमीटर खोल, आणि तिचं टोक पार गावाच्या तोंडाशी येतं. दरीवरून येणारी लाट खोल पाण्यामुळे वेगात राहते, बाजूच्या उथळ भागावरून येणारी मंदावते, आणि या दोन्ही उत्तरेच्या पुळणीपाशी, प्राया दू नोर्त म्हणतात तिला, एकमेकींवर चढतात. २०११ ला सर्फर गॅरेट मॅकनमारा २३.८ मीटरच्या लाटेवर चढला तेव्हा जगाला हे गाव कळलं, पुढे २०२० मधली सेबास्टियन स्टॉइटनरची लाट २६.२१ मीटर मोजली गेली. बघायची जागा म्हणजे टोकावरचा किल्ला आणि दीपगृह. लाटांचा अंदाज आठवडाभर आधी वेबसाइटवर येतो, तारखा लवचिक ठेवता आल्या तरच या नादाने जा. आणि उत्तरेच्या पुळणीवर पाण्यात पाय सुद्धा टाकायचा नाही, शांत दिसली तरी नाही.

पण लाट नसली तरी नाझारे माझं आवडतं. गावासमोरची पुळण मोठी, अर्धवर्तुळाकार, आणि तिच्या एका टोकाला वाळूत लाकडी चौकटींवर जाळी लावून मासे वाळत घातलेले असतात. तिथल्या बायका स्वतः मासे चिरून, मीठ लावून, उन्हात ठेवतात आणि तिथेच विकतात. अर्नाळ्याला बोंबील वाळताना बघितलेल्या आईला तर भाषेची गरजच पडली नाही, ती आणि ती मासेवाली आजी दहा मिनिटं हातवारे करून बोलत होत्या. वयस्कर बायका अजून एकावर एक घातलेल्या घागऱ्यांमध्ये दिसतात, सात घागरे म्हणतात. वरच्या सीतियू भागात जायला फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढला जाणारा रेल्वेचा डबा आहे, १८८९ पासूनचा, आजी-आजोबांना काही त्रास नाही, वरून अख्खी पुळण दिसते. लहान मुलांना पोहायचं असेल तर तिथून थोडं दक्षिणेला साँव मार्तिन्यू दू पोर्तू बघा, शिंपल्यासारखी जवळजवळ बंद झालेली खाडी, लाट नावालाच. अख्ख्या पश्चिम किनाऱ्यावर पोरांना निवांत सोडता येईल अशी जागा मला हीच वाटली. ओबिदुश पण जवळच, तटबंदीतलं गाव, सुंदर आहे पण दुपारी टूर बसची गर्दी, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी जा.

उत्तरेकडे पोर्तूपर्यंत जाणार असाल तर वाटेत आवेइरू आणि कोश्ता नोवा एका दिवसात होतं. रंगीत पट्ट्यांची लाकडी घरं, मिठागरं, आणि ओव्हश मोलेश नावाची अंड्याच्या बलकाची मिठाई. पोर्तूच्या दक्षिणेला मिरामारच्या पुळणीवर खडकावर एक छोटं चॅपल आहे, भरतीला लाटा त्याच्या पायाशी येतात, संध्याकाळी बघा. दहा-बारा दिवसांची सुट्टी असेल तर मात्र उत्तर सोडा आणि खाली चला.

लिस्बनच्या दक्षिणेला लगेच अराबिदाचे डोंगर आहेत, झाडी थेट पाण्यापर्यंत उतरलेली, पांढरी वाळू, पाण्याचा रंग बघून वाटतं कुठल्या तरी बेटावर आलो. गालापिन्युश ही त्यातली सगळ्यात देखणी पुळण. उन्हाळ्यात खासगी गाड्या आत सोडत नाहीत किंवा पार्किंग मिळत नाही, म्हणून सेतुबालमध्ये राहून बसने जा. सेतुबालमध्ये शोकू फ्रितू खा, म्हणजे माकूल तळलेलं, मालवणी माणूस पण खुश होईल. तिथून फेरीने त्रोइया, मग पुढे कोंपोर्ता, तिथे चक्क भातशेती आहे आणि खांबाखांबावर करकोच्यांची घरटी. कोंपोर्ता फार महाग झालंय, राहू नका, जाता जाता बघा.

दुसरा मुक्काम आलेंतेझूच्या किनाऱ्यावर करा. हा भाग लोक गाळतात आणि लिस्बनहून तडक आल्गार्वला पळतात, मला ते बरोबर वाटत नाही. मोठी हॉटेलं नाहीत, किनारा नॅचरल पार्कमध्ये येतो म्हणून बांधकामावर बंधनं आहेत, मैलोनमैल काळे-तांबडे कडे आणि खाली मोकळी वाळू. आधी सिनेश लागतं, आता तिथे मोठं बंदर आणि रिफायनरी आहे म्हणून राहण्यासारखं नाही, पण वास्को द गामा इथला. तो लिस्बनहून जुलै १४९७ मध्ये निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला, आणि मग आपल्या किनाऱ्यावर जे झालं, गोवा, चौल, वसई, ते सगळं त्यानंतरचं. सिनेशच्या किल्ल्यापाशी त्याचा पुतळा समुद्राकडे बघत उभा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती गोष्ट ऐकत मोठी झालेली माणसं आम्ही, तिथे उभं राहून काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, राग नव्हता, पण सहज फोटो काढून निघता पण आलं नाही.

मुक्कामाला विला नोवा द मिलफोंतेश. मीरा नदी इथे समुद्राला मिळते, त्यामुळे एकाच गावात दोन प्रकारचं पाणी मिळतं. नदीच्या मुखाशी आतल्या बाजूला शांत, जरा कमी गार, पोरांसाठी. बाहेर खऱ्या लाटा. भरती-ओहोटीची वेळ बघा, ओहोटी लागल्यावर नदीच्या मुखातून पाणी जोरात बाहेर ओढलं जातं, तेव्हा मुलांना काठावरच ठेवा. मिलफोंतेशच्या वर पोर्तू कोवू आणि खाली झांबुझेइरा दू मार, दोन्ही छोटी पांढरी गावं, अर्धा-अर्धा दिवस पुरतो. या सगळ्यांना जोडणारी कोळ्यांची जुनी पायवाट आहे, त्रिल्यू दुश पेश्कादोरेश, कड्याच्या कडेकडेने जाते. पोर्तू कोवू ते मिलफोंतेश साधारण २० किलोमीटर, आणि त्यातला बराच भाग भुसभुशीत वाळूत, म्हणजे २० चे ३० वाटतात. सवय नसेल तर मिलफोंतेश ते आल्मोग्राव्ह करा, ते १५ च्या आसपास. पाणी दोन लिटर, घोट्यापर्यंतचे बूट, वाटेत दुकान नाही. चालायचंच नसेल तरी काबू सार्दांवला गाडी घेऊन जा, तिथे पांढरे करकोचे समुद्रातून वर आलेल्या सुळक्यांवर घरटी करतात, खाली लाटा फुटतायत आणि वर पिल्लं. कड्यावर अशी घरटी हा पक्षी जगात दुसरीकडे करत नाही म्हणतात. एप्रिल-मेमध्ये पिल्लं असतात, मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हे बक्षीस.

या ओदेमिरा तालुक्यात फिरताना प्लॅस्टिकची मोठमोठी ग्रीनहाउस दिसतील, आत रास्पबेरी वगैरे. तिथे राबणारे बरेच जण भारत, नेपाळ, बांगलादेशातले आहेत, साँव तेओतोनियू गावात तर रस्त्यावर हिंदी-पंजाबी सहज कानावर पडते. एका दुकानात मुलीने हिंदी ऐकून मागे वळून बघितलं तर दुकानातला दादा तिला चॉकलेट देऊन पैसे घेईना. जाल तेव्हा दोन शब्द बोला, घरापासून फार लांब आहेत ती माणसं.

खाली ओदेसेइश, आरिफाना, कारापातेइरा या पुळणी वाटेवरच आहेत. ओदेसेइशला नदी वळसा घालून समुद्राला मिळते, ती एक जागा थांबण्यासारखी. मग साग्रेश आणि काबू द साँव विसेंत, युरोपचं नैर्ऋत्य टोक. सूर्यास्ताला गर्दी असते पण तरी जा, आणि स्वेटर घ्या, मी जुलैत कुडकुडलेय तिथे.

इथून किनारा पूर्वेला वळतो आणि आल्गार्व सुरू. तुम्ही फोटोत बघितलेले पिवळे कमानदार खडक सगळे याच्या पश्चिम अर्ध्या भागात आहेत, लागुशपासून कार्व्होएइरूच्या पुढपर्यंत. लागुशला पोंता दा पिएदाद बघा, खाली छोट्या होड्या खडकांच्या मधून फिरवतात, सकाळी वारा कमी असतो तेव्हाच घ्या. कामिलू पुळण सुंदर आहे पण दोनशेच्या आसपास पायऱ्या, गुडघेदुखीवाल्यांनी वरूनच बघावी. लागुशमध्ये गुलामांच्या बाजाराची जुनी इमारत आहे, १४४४ मध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा मोठा जथा इथे उतरवून विकला, आत छोटं म्युझियम केलंय, अर्धा तास द्या. १७५५ च्या भूकंपात आणि त्सुनामीत हा सगळा किनारा उद्ध्वस्त झाला, म्हणून जुन्या इमारती फार दिसत नाहीत.

बेनाजिलची गुहा, वर भोक असलेली, तिच्यासाठी सगळे धावतात. २०२४ पासून नियम बदललेत, पोहत जायचं नाही, आत वाळूवर उतरायचं नाही, कायाक पाहिजे तर गाइडबरोबरच. जुने व्हिडिओ बघून जाऊ नका. त्यापेक्षा प्राया दा मारीन्यापासून सात दऱ्यांची पायवाट आहे, एका बाजूने सहाएक किलोमीटर, वरून तीच गुहा आणि असे कितीतरी खडक दिसतात, फुकट. पण या कड्यांबद्दल एक गंभीरपणे सांगते, हा दगड ठिसूळ आहे. २००९ मध्ये मारिया लुईझा पुळणीवर कडा कोसळून पाच जण गेले. सावलीसाठी कड्याच्या पायथ्याशी टॉवेल टाकू नका, कड्याच्या उंचीच्या दीडपट तरी अंतर ठेवा, आणि वरून चालताना टोकाच्या जवळ जाऊ नका. धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत.

आल्बुफेइराला रात्रीचा गोंगाट असतो, आम्ही पहिल्या वेळी मध्यवस्तीत खोली घेतली आणि पहाटे तीनपर्यंत झोप नाही. पार्टी हवी असेल तर ठीक, घरच्यांना घेऊन नको.

तिसरा मुक्काम, आणि सगळ्यात लांबचा, ताविराला करा. फारोपासून पूर्वेला रिया फोर्मोझा नावाची खाडी पसरलीय, म्हणजे समोर लांबच लांब वाळूची बेटं, मध्ये खाजण, मिठागरं, चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणारी माणसं, आणि पलीकडे मोकळा समुद्र. वसईची मिठागरं बघून मोठं झालेल्या माणसाला इथे परकं वाटूच शकत नाही, फक्त इथे मिठागरात फ्लेमिंगो आणि मागे पांढरी चर्चेस. होडीने बेटावर जायचं, उन्हाळ्यात पाणी २२ च्या पुढे, वाळू इतकी लांब की दहा मिनिटं चाललं की माणूस नाही. ताविराहून बेटाची फेरी आहे, बारील पुळणीला छोटी रुळावरची गाडी नेते, आणि तिथे वाळूत समुद्रात टाकायचे शेकडो गंजलेले नांगर रांगेत ठेवलेत, ट्यूना पकडायचा धंदा बंद पडला तेव्हाचे. मुलीने सगळे मोजायचा प्रयत्न केला. ओल्यांवला लाल विटांचा मासळीबाजार आहे, शनिवारी सकाळी जा, आणि तिथूनच कुलात्रा बेटाची फेरी घ्या, कोळ्यांचं गाव, एकही गाडी नाही, बाबांना हेच सगळ्यात आवडलं. कासेला वेल्या म्हणजे एक किल्ला, एक चर्च, थोडी घरं, आणि खाली खाडी. ओहोटीला पाण्यातून चालत पलीकडच्या वाळूवर जाता येतं, पण परतायची वेळ भरतीचं टेबल बघून आधीच ठरवा, पाणी भराभर चढतं.

पुळणीवरचे झेंडे सगळीकडे सारखेच. हिरवा म्हणजे पोहा, पिवळा म्हणजे पोहायचं नाही फक्त काठाला पाय बुडवा, लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही, निळे-पांढरे चौकोन म्हणजे जीवरक्षक सध्या जागेवर नाही. पिवळा असताना आपले लोक पोहायला जातात, कृपा करून जाऊ नका.

खाण्याचं. बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं, नको असेल तर हात लावायच्या आधी परत द्या, कोणी वाईट मानत नाही. मोठा मासा किलोवर विकतात, मेनूत भाव किलोचा असतो, म्हणून आधी मासा दाखवा म्हणायचं, वजन करा म्हणायचं, मग हो म्हणायचं. मसाला काही नाही, जाडं मीठ, कोळसा आणि ऑलिव्ह तेल, पहिल्या दिवशी फिकं वाटतं, तिसऱ्या दिवशी आवडायला लागतं. पिरी-पिरी सॉस मागा, देतात. तारली जून ते सप्टेंबरमध्येच खा, तेव्हाच ती चरबीदार असते. तिसऱ्या लसूण आणि भरपूर कोथिंबीर घालून करतात, हो कोथिंबीर, आईने ताट पावाने पुसून खाल्लं. शाकाहारी असाल तर भाज्यांचं सूप, ऑम्लेट, चीज, सॅलड, बटाटे, आणि आलेंतेझूची आसोर्दा, म्हणजे पाव, लसूण, कोथिंबीर आणि अंडं, मासा नको असं आधी सांगायचं. काल्दू व्हेर्द सूप हिरवं दिसतं पण त्यात सॉसेजचा तुकडा असतो, विचारून घ्या. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर खिचडीची सोय होते. मेनू वाचताना घाबरू नका, पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस हे शब्द आपल्याकडे तिकडूनच आलेत, हॉटेलची चावी मागताना सुद्धा जवळजवळ तोच शब्द, आणि मासळीचा लिलाव त्यांच्याकडे लेइलांव.

फिरायला उत्तरेला बस आणि आल्गार्वला रेल्वे चालते, लागुशपासून पूर्वेच्या टोकापर्यंत लोकल आहे, ताविरा तिच्यावरच. ६५ च्या पुढच्यांना रेल्वेत अर्धं तिकीट, पासपोर्ट दाखवा. आलेंतेझूसाठी मात्र गाडी घ्याच, बस आहेत पण कमी. इंटरनॅशनल परमिट इथूनच काढून न्या, गाडी उजव्या बाजूने, आणि क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावावर पाहिजे. आमच्या वेळी काउंटरवर जास्तीचा इन्शुरन्स गळ्यात मारायचा फार प्रयत्न झाला, बुकिंगचा कागद काढून आत काय आलंय ते शांतपणे दाखवलं तेव्हा सोडलं, तुम्ही पण तो कागद प्रिंट करून ठेवा, आणि गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. आल्गार्वच्या ए२२ हायवेचा टोल १ जानेवारी २०२५ पासून बंद झालाय, बाकी ठिकाणी टोलचं यंत्र गाडीत लावून घ्या.

दिवस असे वाटा: लिस्बन दोन, नाझारे किंवा एरिसेइरा तीन, मिलफोंतेश तीन, ताविरा चार. आणि परतीचं तिकीट लिस्बनहून न काढता फारोहून काढता आलं तर बघा, युरोपातल्या मोठ्या विमानतळांवरून तिथे विमानं येतात, ताविराहून लोकलने फारोला पाऊणएक तासात पोचता, आणि शेवटच्या दिवशी सकाळी अजून एकदा बेटावर जाऊन येता येतं.